काटा सकाळी बूटला (मशीन सुरू होताना) का मिळत नाही, आणि पॅकेजमध्ये नेमकं काय घालायचं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. दादर ते बोरिवली पट्ट्यातल्या किराणा दुकानांत तुम्ही डेबियन लिनक्सवर चालणारे मिनी पीसी बसवले आहेत. प्रत्येक काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा आणि गिऱ्हाईकाला रक्कम दाखवणारा डिस्प्ले आहे, दोन्ही यूएसबी-सीरियल केबलने जोडलेले. काट्याला डेव्ह या उपकरणांच्या फोल्डराखाली 'काटा' या नावाची सिमलिंक, म्हणजे कायमचं टोपणनाव, मिळावी म्हणून तुम्ही ९९ नंबरची युडेव्ह रूल फाइल (युडेव्ह म्हणजे जोडलेल्या उपकरणांना नावं आणि परवानग्या देणारा प्रोग्रॅम) ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरात हाताने कॉपी केलीत, परवानगी ०६६६, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहायला खुली, ठेवलीत, आणि ड्रायव्हरचं नाव बूटला लोड करायच्या मॉड्यूलच्या यादीत टाकलंत. तरी सकाळी दुकान उघडलं की बिलिंगला काटा सापडत नाही. केबल काढून परत घातली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली की दिवसभर कुरकुर नाही. आता हे सगळं डेब पॅकेजमध्ये (डेबियनवर इन्स्टॉल होणाऱ्या गठ्ठ्यात) बांधायचंय, आणि फाइल कुठे ठेवावी, पोस्टइन्स्टमध्ये, म्हणजे इन्स्टॉलच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, कोणत्या कमांड घालाव्यात असं विचारताय.

पॅकेजकडे नंतर वळू. आत्ता पॅकेज केलंत तर सकाळचा घोळ सुटणार नाही, फक्त तो सगळ्या दुकानांत एकसारखा पोहोचेल. पोस्टइन्स्ट चालतो तो इन्स्टॉलच्या दिवशी, चालू मशीनवर. उद्या सकाळी मशीन उठेल तेव्हा तो कुठेच नसतो. बूटला हार्डवेअर चालायला हवं असेल तर त्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट फाइलच्या रूपात डिस्कवर जागच्या जागी हवी, आणि कोण कुणाची वाट बघणार हेही त्या फाइलींतच लिहिलेलं हवं. खाली जे सांगतोय ते सगळं यावरूनच निघतं. कमांड आणि पाथ मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

केबल काढली म्हणून चाललं की सर्व्हिस रीस्टार्ट केली म्हणून?

तुम्ही दोन्ही एकदम करता, त्यामुळे खरं औषध कोणतं ते कळत नाही. एखाद्या दुकानात सकाळी फोनवरून सांगा की केबलला हात लावू नका, आणि एसएसएचने जाऊन फक्त सर्व्हिस रीस्टार्ट करा. यातून तीनपैकी एक गोष्ट बाहेर पडेल.

नुसत्या रीस्टार्टने काटा चालला, तर तुमचा रूल ठीक आहे आणि भानगड क्रमाची आहे. सर्व्हिस आधी उठली, तेव्हा डिव्हाइस आलेलं नव्हतं. पण मग तुम्ही म्हणाल, सर्व्हिसमध्ये 'रीस्टार्ट ऑलवेज' लिहिलंय, ती स्वतःच पुन्हा उठायला हवी होती. इथेच बहुतेकांची गाडी अडते. सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम, पडलेली सर्व्हिस मुळात १०० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की हात वर करतो. तुमचा प्रोग्रॅम पोर्ट सापडला नाही म्हणून लगेच बाहेर पडत असेल, तर ही पाचही वेळा एखाद-दोन सेकंदांत संपतात. काटा तिसऱ्या सेकंदाला येतो, तोवर सर्व्हिस 'फेल्ड' होऊन बसलेली असते, आणि कुणी हाताने उठवेपर्यंत तशीच राहते. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगमध्ये, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' अशी ओळ दिसली तर हेच झालंय समजा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय यावरच आहे.

रीस्टार्टनेही भागलं नाही, पण सिमलिंक मात्र आहे, असं असेल तर ती लिंक कुठे जाते ते बघा. काटा आणि डिस्प्ले, दोन्हींच्या केबलमध्ये सीएच३४० चिप असेल तर दोन्हींचा व्हेंडर आयडी १ए८६ आणि प्रॉडक्ट आयडी ७५२३ येतो. तुमचा रूल दोघांनाही लागू पडतो, दोघेही 'काटा' या नावावर हक्क सांगतात, आणि नाव कुणाला मिळेल याचा भरवसा नाही. एक केबल काढून घातली की पारडं फिरतं, म्हणून ते चालल्यासारखं वाटतं.

तिसरी शक्यता, टीटीवाय-यूएसबी, म्हणजे केबलमुळे मिळणारा सीरियल पोर्ट, हे डिव्हाइसच नाही. अशा वेळी कर्नलचा लॉग वाचा. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि पुढे उणे ७१ ही एरर असेल तर तो बहुधा केबलचा, हबचा किंवा पॉवरचा दोष असतो. कितीही सुंदर पॅकेज बांधलंत तरी तो जाणार नाही, चांगला पॉवर्ड हब लावा. लॉगमध्ये चिप ओळखली गेली, ड्रायव्हर जोडला गेला, आणि लगेच सुटला असं दिसलं तर दुसऱ्याच कुणीतरी पोर्ट पळवलाय. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीआरएलटीटीवाय, अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला प्रोग्रॅम. काही ब्रेल उपकरणांतही हीच सीएच३४० चिप असते. उबुंटू २२.०४ मध्ये त्याचा युडेव्ह रूल हा आयडी दिसला की डिव्हाइस स्वतःकडे ओढून घ्यायचा, आणि आर्डुइनोवाल्यांपासून काटेवाल्यांपर्यंत सगळे हैराण झाले होते.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून केबल घेत असाल तर आणखी एक सांगतो. बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या केबलींत एका खेपेला सीएच३४० निघते, पुढच्या खेपेला प्रोलिफिकची चिप, आयडी ०६७बी आणि २३०३. रूल एकाच आयडीवर बांधलेला असेल तर नवी केबल बदललेल्या दुकानात तो लागणारच नाही. सगळ्या दुकानांतले आयडी आधी गोळा करा, यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबी कमांडचं आउटपुट पुरे आहे.

बूटच्या वेळी काय होतं

कर्नल उठताना यूएसबीवरची उपकरणं शोधतो आणि प्रत्येकासाठी एक इव्हेंट सोडतो. त्यातले बरेचसे इव्हेंट युडेव्ह उठायच्या आधीच होऊन गेलेले असतात. म्हणून खरी फाइलसिस्टिम माउंट झाल्यावर सिस्टिमडीची युडेव्ह-ट्रिगर सर्व्हिस सगळ्या उपकरणांचे 'अ‍ॅड' इव्हेंट पुन्हा एकदा खेळवते. यालाच कोल्डप्लग म्हणतात. तुमचा काट्याचा रूल याच टप्प्यावर लागतो. त्यामुळे तो इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे खरी फाइलसिस्टिम माउंट होण्याआधी वापरल्या जाणाऱ्या छोट्या इमेजमध्ये, घालायची काही गरज नाही. हे सांगतोय कारण बूटला काही चाललं नाही की 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवून बघण्याची सवय अनेकांना असते.

कोल्डप्लगवरून एक पोटप्रश्न निघतो. तुमच्या रूलमध्ये 'अ‍ॅक्शन बरोबर अ‍ॅड' अशी अट आहे. बूटला ती जुळते. पण तुम्ही हाताने युडेव्हची 'युडेव्हएडीएम ट्रिगर' ही कमांड चालवता तेव्हा ती मुळात 'चेंज' इव्हेंट पाठवते, 'अ‍ॅड' नव्हे. मग रूल लागत नाही, आणि माणूस तास-दोन तास नसलेली चूक शोधत बसतो. शिवाय कर्नल ४.१४ पासून 'बाइंड' आणि 'अनबाइंड' हे इव्हेंटही येतात. 'अ‍ॅड' नंतर आलेल्या दुसऱ्या इव्हेंटला तुमचा रूल लागला नाही, तर आधी दिलेली सिमलिंक आणि टॅग गळून पडू शकतात. म्हणून अट उलटी लिहा, अ‍ॅक्शन 'रिमूव्ह' नसेल तर. मी माझ्याकडच्या सगळ्या रूलांत हेच करतो.

मॉड्यूलच्या यादीतलं ड्रायव्हरचं नाव काढून टाका. यूएसबीचं ड्रायव्हर कर्नलच्या एलियस यादीवरून, म्हणजे कोणत्या आयडीला कोणतं मॉड्यूल या यादीवरून, आपोआप लोड होतं. सीएच३४१ मॉड्यूलवर 'मॉडइन्फो' चालवून बघा, १ए८६ आणि ७५२३ त्यात दिसतील. यादीत नाव असल्याने बिघडत काही नाही, पण खरा दोष झाकला जातो. मॉड्यूल्स-लोडची फाइल लागते ती ज्यांना असं एलियस नाही त्यांच्यासाठी. उदाहरणार्थ आय२सी-डेव्ह, कुणी आय२सीवर बसवलेला सेन्सर यूजरस्पेसमधून वाचत असेल तर.

रूल कसा लिहावा

टीटीवाय सबसिस्टिमला जुळवा, वरच्या पॅरेंटचा, म्हणजे तो पोर्ट ज्या यूएसबी उपकरणातून आला त्याचा, व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी जुळवा. इथे बहुवचनी 'अ‍ॅट्रस' वापरताना एक नियम पाळा: एका रूलमधले असे सगळे मेळ एकाच पॅरेंटवर जुळायला हवेत. 'युडेव्हएडीएम इन्फो' मध्ये वेगवेगळ्या पायऱ्यांवर दिसणारी मूल्यं वेचून एका ओळीत घातलीत तर रूल कधीच लागणार नाही.

दोन सारख्या केबली ओळखायच्या कशा हे तुमच्या हातात किती आहे त्यावर ठरेल. एफटीडीआयच्या एफटी२३२आर चिपमध्ये प्रत्येक नगाला वेगळा सीरियल नंबर असतो, सीएच३४० मध्ये तो सहसा नसतो. सगळ्या दुकानांत एकाच मॉडेलचा मिनी पीसी असेल तर सोपा मार्ग म्हणजे भौतिक पोर्टवर बांधणं. मागचा अमुक पोर्ट काट्याचा, त्यावर स्टिकर लावा, आणि रूलमध्ये आयडी-पाथ, म्हणजे त्या पोर्टचा पत्ता, जुळवा. मॉडेल वेगवेगळी असतील तर हा मार्ग बाद, कारण पाथमध्ये पीसीआयचा पत्ता येतो आणि तो मॉडेलप्रमाणे बदलतो. तेव्हा काट्यापुरती तरी सीरियल नंबरवाली केबल घ्या आणि प्रत्येक दुकानाचा नंबर वेगळ्या लोकल फाइलीत ठेवा. मला विचाराल तर पोर्ट आणि स्टिकर. दुकानातल्या पोऱ्यालाही फोनवर समजावता येतं.

आयडी-पाथ वापरणार असाल तर फाइलचा नंबर जपून निवडा. रूल फाइली नावाच्या अक्षरक्रमाने चालतात, त्या कोणत्या फोल्डरात आहेत याला महत्त्व नाही. टीटीवायसाठी आयडी-पाथ भरण्याचं काम '६०-सीरियल' ही फाइल करते. तुमची फाइल '६०-काटा' असेल तर रोमन क्रमात 'के' हे 'एस'च्या आधी येतं, म्हणजे तुमचा रूल चालतो तेव्हा आयडी-पाथ रिकामाच असतो. पॅकेज बांधायच्या डेबहेल्पर या साधनाचा मूळ नंबर नेमका ६० आहे, त्यामुळे ही ठेच हमखास लागते. ६५ द्या.

आणि ९९ का नको? सगळीकडे कॉपी-पेस्ट होत आलेल्या रूलांत ९९ दिसतं, कारण शेवटी चाललं की आपलंच म्हणणं टिकेल असं वाटतं. पण 'यूअ‍ॅक्सेस' हा टॅग, म्हणजे स्क्रीनसमोर लॉगइन केलेल्या माणसाला डिव्हाइस उघडायची मुभा देणारा, तो ७३ नंबरच्या सीट-लेट फाइलच्या आधी लावावा लागतो. ९९ मध्ये लावला तर त्याकडे कुणी बघतच नाही. ६५ ते ७२ हा पट्टा दोन्ही बाजूंनी सुरक्षित आहे.

अर्थात तुमच्या काट्याला यूअ‍ॅक्सेस नकोच. तो लॉगइन केलेल्या माणसासाठी आहे, आणि तुमचा वाचक ही पार्श्वभूमीतली सर्व्हिस आहे. सीरियल पोर्ट डेबियनमध्ये मुळातच 'डायलआउट' ग्रुपचा आणि ०६६० असतो. सर्व्हिसच्या युनिट फाइलीत सप्लिमेंटरी ग्रुप म्हणून डायलआउट लिहा आणि ०६६६ काढा. रूलमध्ये परवानगीची ओळच लागणार नाही. बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखा चालत असेल तर त्यालाही काही नको. तो एचआयडी-रॉमधून, म्हणजे कच्चा डेटा देणाऱ्या डिव्हाइसमधून, वाचत असाल तर मात्र ते डिव्हाइस फक्त रूटला उघडतं, तिथे ग्रुप द्यावा लागेल.

मॉडेम-मॅनेजर बसवलेलं असेल तर रूलमध्येच 'आयडी-एमएम-पोर्ट-इग्नोर' हे १ करा. तो अनोळखी सीरियल पोर्ट दिसला की त्यावर एटी कमांड पाठवून मॉडेम आहे का ते चाचपू शकतो, आणि काही काटे त्या अक्षरांनी गोंधळतात. डोंगल नसलेल्या काउंटरवर ते पॅकेजच काढून टाकलेलं बरं.

सर्व्हिस कुणी उठवायची

रूलमधून 'रन' वापरून बिलिंगचा प्रोग्रॅम सुरू करण्याचा मोह टाळा. 'रन' ही दोन क्षणांत आटोपणाऱ्या कामाची जागा आहे. मागे रेंगाळणाऱ्या प्रक्रिया युडेव्ह मारून टाकतो, नेटवर्क किंवा माउंट तिथून धड करता येत नाही, आणि बूटच्या त्या टप्प्यावर तुमचा डेटाबेस उठलेला असेल याची खात्री नसते. चिपच्या आयडीत कंपनीने फेरफार केल्यामुळे ड्रायव्हरला ती ओळखू येत नसेल, तर ड्रायव्हरच्या 'न्यू-आयडी' फाइलीत तो आयडी लिहिणं, एवढ्यासाठी 'रन' ठीक.

त्याऐवजी रूलमध्ये 'सिस्टिमडी' टॅग लावा आणि 'सिस्टिमडी-वाँट्स' मध्ये सर्व्हिसचं नाव द्या. यूएसबी-टीटीवायला हा टॅग सिस्टिमडीच्या स्वतःच्या रूलांतून मिळतोच, पण एचआयडी-रॉसारख्या इतरांना मिळत नाही, म्हणून लिहून टाकलेलं चांगलं. टॅग असला की सिमलिंकलाही स्वतःचं डिव्हाइस युनिट मिळतं. मग सर्व्हिसच्या युनिटमध्ये त्या 'काटा' डिव्हाइस युनिटवर 'बाइंड्स-टू' आणि 'आफ्टर' अशा दोन ओळी लिहा. काटा आला की सर्व्हिस उठते, केबल निघाली की थांबते, दुपारी परत लावली की पुन्हा उठते. कुणी कुणाच्या आधी येण्याचा प्रश्नच राहत नाही.

सर्व्हिस 'मल्टी-यूजर टार्गेट'ला, म्हणजे बूटच्या नेहमीच्या शेवटच्या टप्प्याला, मात्र जोडू नका. जोडलीत आणि एखाद्या दिवशी काटा दुरुस्तीला गेला असेल, तर सिस्टिमडी त्या डिव्हाइसची ९० सेकंद वाट बघतो आणि सकाळच्या घाईत बूट रखडतं. डेबहेल्परला 'नो-एनेबल' आणि 'नो-स्टार्ट' हे पर्याय द्या, उठवण्याचं काम युडेव्हवर सोडा.

एक गोष्ट यातूनही सुटत नाही. डिव्हाइस म्हणजे केबलमधली चिप. तिला वीज पीसीकडून मिळते, त्यामुळे काटा बंद असला तरी डिव्हाइस हजर असतं. मुंबईतली अनेक छोटी दुकानं रात्री मेन स्विच पाडून जातात. सकाळी पीसी, काटा, प्रिंटर सगळं एकाच झटक्यात चालू होतं, आणि काटा स्वतःचा शून्य लावेपर्यंत काही सेकंद गप्प असतो. त्या वेळात प्रोग्रॅमने 'डेटा नाही' म्हणून हाय खाऊन बाहेर पडता कामा नये. खरं तर प्रोग्रॅममध्येच पुन्हा प्रयत्न करणारं लूप हवं. ते तुमच्या हातात नसेल, बिलिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असेल, तर 'रीस्टार्ट-सेक' ५ ठेवा. पाच-पाच सेकंदांच्या अंतराने १० सेकंदांत ५ सुरुवाती होऊच शकत नाहीत, म्हणजे वर सांगितलेली मर्यादा गाठली जात नाही.

आता पॅकेज

एवढं झाल्यावर पॅकेजमध्ये उरतं काय? एक रूल फाइल, एक सर्व्हिस युनिट, वेगळा ग्रुप हवा असल्यास ग्रुप बनवणाऱ्या सिस-यूजर्सची एक ओळ. सगळ्या नुसत्या मजकुराच्या फाइली, म्हणून आर्किटेक्चर 'ऑल'.

रूल फाइल यूएसआर-लिबखालच्या युडेव्हच्या रूल्स-डी फोल्डरात जाते, ईटीसीत नाही. ईटीसी त्या मशीनच्या मालकाचं. पॅकेजने ईटीसीत फाइल टाकली की डेबहेल्पर तिला कॉन्फ-फाइल, म्हणजे मालकाने बदलायची सेटिंग फाइल, म्हणून नोंदवतो. दुकानात कुणी तिच्यात हात घातला असेल तर पुढच्या अपग्रेडला 'तुमची ठेवू की नवी' असा प्रश्न येतो, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसतं. पॅकेज काढलं तरी ती फाइल 'पर्ज', म्हणजे सेटिंग्जसकट साफ, करेपर्यंत तिथेच राहते आणि लागूही होत राहते. यूएसआरमध्ये ठेवली की हे दोन्ही टळतं, आणि मालकाची सोयही राहते: ईटीसीत त्याच नावाची फाइल ठेवली की ती पॅकेजच्या फाइलची जागा घेते, आणि त्या नावाने डेव्ह-नल या कायम रिकाम्या फाइलकडे सिमलिंक केली की रूल पूर्ण बंद. एखाद्या दुकानात वेगळाच काटा असेल तर तेवढ्या मशीनवर ईटीसीत फाइल ठेवा, पॅकेजला हात लावू नका.

पाथ स्वतःच्या हाताने लिहू नका. डेबियनने सगळं लिबमधून यूएसआर-लिबमध्ये हलवलंय. २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीपासून (डेबियन १२) मर्ज केलेलीच मांडणी चालते. सोर्सच्या डेबियन फोल्डरात पॅकेजच्या नावापुढे टिंब आणि 'युडेव्ह' अशी फाइल ठेवली की 'डीएच-इन्स्टॉल-युडेव्ह' योग्य जागी नेऊन ठेवतो. त्यालाच प्रायॉरिटी ६५ सांगा.

पोस्टइन्स्ट जितका छोटा तितका चांगला. रूल फाइल बदलल्याचं युडेव्हला स्वतःहून कळतं, तरी 'कंट्रोल रीलोड' करायला हरकत नाही. आधीच जोडलेल्या काट्याला नवा रूल लागावा म्हणून 'ट्रिगर' हवा, पण तो गाळून: सबसिस्टिम टीटीवाय आणि आयडी-व्हेंडर-आयडी १ए८६ एवढ्यांनाच. गाळणी न लावता मोकळा ट्रिगर सोडलात तर डिस्कपासून साउंडकार्डापर्यंत सगळ्यांना इव्हेंट जातात, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. आणि आधी 'रन' या फोल्डराखाली (रूलमधलं 'रन' नव्हे) युडेव्हचं कंट्रोल सॉकेट आहे का ते तपासा. तुम्ही मास्टर इमेज सीएचरूटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या बंदिस्त फोल्डरात, बनवत असाल तर तिथे युडेव्ह चालत नसतो. तिथे पोस्टइन्स्ट अपयशी ठरला तर पॅकेज अर्धवट अवस्थेत राहतं आणि अख्खी इमेज अडते. या कमांड चालल्या नाहीत तरी काही बिघडत नाही, पुढच्या बूटला कोल्डप्लग आहेच. म्हणून त्यांचं अपयश गिळून टाका.

इनिटरॅमएफएसचा विषय काट्याला लागू नाही, पण पुढेमागे लागेल. मॉडप्रोबची, म्हणजे मॉड्यूलचे पर्याय ठरवणारी, फाइल पॅकेजमधून देणार असाल, आणि ते मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये असेल, जसं डिस्क कंट्रोलर किंवा ग्राफिक्सचं, तर ते जुन्याच पर्यायांनी आधी लोड होतं आणि तुमची फाइल बघितलीच जात नाही. त्यासाठी पॅकेजच्या ट्रिगर्स फाइलीत (हे पॅकेज व्यवस्थेचे ट्रिगर, युडेव्हचे नव्हेत) 'अ‍ॅक्टिव्हेट-नोअवेट अपडेट-इनिटरॅमएफएस' एवढी ओळ पुरते. पोस्टइन्स्टमधून ती कमांड थेट चालवू नका. ट्रिगर वापरला की एका अपग्रेडमध्ये दहा पॅकेजांनी मागणी केली तरी काम एकदाच होतं. मॉड्यूल कर्नलमध्येच बांधलेलं असेल तर मॉडप्रोबच्या फाइलीचा काहीच उपयोग नाही, पर्याय कर्नलच्या कमांडलाइनवरच द्यावा लागतो.

बीआरएलटीटीवायबद्दल एक मत. पॅकेजमध्ये त्याच्याशी 'कॉन्फ्लिक्ट्स' लिहून मोकळे होणारे मी पाहिलेत. तुमची मशीन फक्त काउंटरची आहेत, त्यांवरून ते काढा, काही हरकत नाही. पण पॅकेज दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार असेल तर असं करू नका. काट्याचं पॅकेज टाकल्यामुळे एखाद्या अंध माणसाचा ब्रेल डिस्प्ले बंद पडणं हा फार वाईट सौदा आहे.

जुन्या ९९ फाइलींचं काय

हे सगळं झालं तरी मशीनांवर तुम्ही हाताने ठेवलेली ९९ नंबरची फाइल शिल्लक आहेच. तिचं नाव वेगळं असल्याने ती नव्या फाइलची जागा घेत नाही, तिच्यानंतर चालते, आणि परवानगी पुन्हा ०६६६ करून ठेवते. पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला ती माहीतच नाही, म्हणून कॉन्फ-फाइल काढण्याची तयार साधनं इथे चालत नाहीत. मी असं करतो: आजवर वाटलेल्या आवृत्त्यांचे चेकसम, म्हणजे फाइलचे ठसे, प्रीइन्स्टमध्ये (इन्स्टॉलच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) लिहितो. मशीनवरची फाइल त्यांतल्या एखाद्याशी तंतोतंत जुळली तर तिचं नाव बदलतो, शेवटी 'जुनी' जोडून. युडेव्ह फक्त 'रूल्स' एक्स्टेन्शनच्या फाइली वाचतो, त्यामुळे ती निष्प्रभ होते आणि पुरावाही राहतो. जुळली नाही तर हात लावत नाही, फक्त इशारा छापतो. कुणीतरी काहीतरी कारणाने ती बदललेली असते.

तपासणीसाठी, सिस्टिमडी २५४ किंवा त्यापुढचं असेल तर 'युडेव्हएडीएम व्हेरिफाय' बिल्डच्या वेळीच चालवा. स्वल्पविराम विसरणं, एका बरोबरच्या चिन्हाच्या जागी दोन लिहिणं अशा बऱ्याच चुका त्यात पकडल्या जातात. बुकवर्ममध्ये २५२ आहे, तिथे ही कमांड मिळणार नाही. ट्रिक्सीमध्ये (डेबियन १३) २५७ आहे. खऱ्या मशीनवर 'युडेव्हएडीएम टेस्ट'. शेवटची परीक्षा रीबूट करून घेऊ नका. रीबूटमध्ये यूएसबी पोर्टांची वीज बहुधा जात नाही आणि केबलमधली चिप जागीच असते. दुकानदार करतो तसंच करा: मेन पाडा, थोडं थांबा, सगळं एकदम चालू करा. काटा लावून, काटा काढून, आणि दोन्ही केबली लावून, अशा तिन्ही प्रकारे.

पॅकेज स्वतःच्या एपीटी रेपॉझिटरीतून वाटणार असाल तर तिचा ओरिजिन, म्हणजे तिची ओळख, आपोआप अपग्रेड करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या यादीत घालावा लागेल, नाहीतर ते त्याकडे बघणारच नाही. आणि वेळेचं आधीच बघा. डेबियनचा अपग्रेडचा टायमर सकाळी ६ चा आहे, त्यात ६० मिनिटांपर्यंत यादृच्छिक उशीर, आणि तो 'पर्सिस्टंट' आहे. म्हणजे मशीन त्या वेळी बंद असेल तर चुकलेलं काम चालू झाल्यावर उरकतो. मेन पाडणाऱ्या दुकानांत याचा अर्थ असा, की रोजचं अपग्रेड शटर वर गेल्यानंतरच्या पहिल्या तासात, दूध-पावाच्या गर्दीत चालतं, आणि तुमचा पोस्टइन्स्टही तेव्हाच. त्या टायमरला ड्रॉप-इन फाइल (मूळ फाइल न बदलता तिच्यावर चढणारी) देऊन वेळ दुपारी अडीचची करा. 'ऑन-कॅलेंडर' आधी रिकामं करून मग नवी वेळ लिहा, नाहीतर दोन्ही वेळा लागू राहतात. 'पर्सिस्टंट'ही 'नो' करा, नाहीतर आदल्या दुपारी मशीन बंद राहिलं असेल तर हुकलेलं अपग्रेड पुन्हा सकाळीच चालेल.